कामास योग्य

त्या चिठ्ठीवर मी दोनच शब्द लिहिले होते, 'कामास योग्य'. खाली सही, शिक्का, तारीख.

मामा बडोद्यातल्याच एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचे. आमच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणायचे. कंबर धरली म्हणून आले होते. तीन आठवडे शेक, ट्रॅक्शन, व्यायाम असं सगळं झालं. पाय सरळ ठेवून ऐंशी अंशांपर्यंत उचलता येऊ लागला, वाकल्यावर बोटं घोट्यापर्यंत पोचू लागली, दुखणं दहापैकी एकावर आलं. सुपरवायझरला चिठ्ठी हवी होती आणि मामांना पगार. मी लिहून दिली. नवव्या दिवशी त्यांच्या मुलाने त्यांना रिक्षातून आणलं. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत ठणकत होता. रिक्षातून उतरताना मामांनी मला हात जोडले, जणू काही चूक त्यांचीच होती.

त्या कामावर ते परत कधी गेले नाहीत. या गोष्टीला आठ वर्षं झाली. ती माझ्या मनातून जात नाही, कारण त्या तीन आठवड्यांत मी मामांना एकदाही काही उचलताना पाहिलं नव्हतं. पाच किलोची पिशवीसुद्धा नाही. गोणी किती किलोची, ती जमिनीवरून उचलायची की फळीवरून, दिवसातून किती वेळा, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मी कंबर तपासली होती आणि कामाबद्दल लिहून दिलं होतं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने सांगितलं की बडोद्याच्या कारेलीबागेत एफसीईचं, म्हणजे फंक्शनल कपॅसिटी इव्हॅल्युएशनचं प्रशिक्षण होणार आहे, सहा शनिवार-रविवार, तेव्हा मी फी किती हे विचारायच्या आधी नाव दिलं. आजारी किंवा जखमी माणूस त्याच्या ठरावीक कामाला किती पुरा पडेल, हे मोजून, बघून, लिहून देण्याची ही विद्या आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात लेनर्ड मॅथेसन आणि सुझन इझर्नहेगन यांच्यासारख्या लोकांनी तिला आकार दिला. आपल्याकडे ती फार थोड्यांना येते.

आम्ही चौदाजण होतो. दहा फिजिओथेरपिस्ट, चार ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणारे. शिकवायला मुंबईहून मॅडम यायच्या. पंचवीसेक वर्षं हेच काम केलेल्या, स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी कमलाबाई निंबकरांची आठवण काढली. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकरांच्या घरात आलेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली आणि १९५२ मध्ये देशभरच्या थेरपिस्टांची संघटना उभी केली. "माणसाला कामातून बरं करायचं आणि कामासाठी बरं करायचं, हे आपल्याकडे सत्तर वर्षं शिकवलं जातंय," मॅडम म्हणाल्या, "आणि तरी आपण अजून गुडघा किती वाकतो एवढंच लिहितो." माझ्याशेजारी बसलेला फिजिओ जरा दुखावला. मी दुखावले नाही. मामांची चिठ्ठी माझ्या पर्समध्येच होती.

पहिल्या सकाळी स्लाइड नव्हत्या की पुस्तक नव्हतं. वाळू भरलेला एक प्लास्टिकचा क्रेट, एक लोखंडी रॅक आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढंच. मॅडमनी मला पुढे बोलावलं. क्रेट जमिनीवरून कमरेच्या फळीवर ठेवायचा, परत खाली घ्यायचा, मिनिटाला चार वेळा, वीस मिनिटं. बाकी तेराजणांनी बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. वीस मिनिटांनंतर मी खुर्चीत बसले तेव्हा हाताला कंप सुटला होता. मॅडमनी कागद गोळा करून मोठ्याने वाचले. 'थकली.' 'घाम आला.' 'चेहरा लाल.' पुढच्या कागदावरही तेच. मॅडमनी विचारलं, "पाय कधी फाकले? कितव्या मिनिटाला?" कोणालाच सांगता येईना.

दुपारी दुसरी उभी राहिली आणि त्या वेळी आम्ही खरोखर बघितलं. सातव्या मिनिटाला तिचे पाय एकमेकांपासून लांब गेले. नवव्याला क्रेट पोटाला टेकायला लागला. बाराव्याला खांदे कानांकडे चढले. पंधराव्याला ती उचलण्याआधी श्वास कोंडून धरू लागली. एकविसाव्याला, म्हणजे वेळ संपल्यावर, ती "मला अजून चालेल" म्हणाली. माणूस तोंडाने काय सांगतो आणि शरीर काय सांगतं, ही दोन वेगळी मोजमापं आहेत आणि दोन्ही लिहायची असतात. तोंडच्या सांगण्यासाठी गुन्नार बोर्ग यांची सहा ते वीस अशी श्रमाची पट्टी असते. शरीराचं मात्र डोळ्यांनीच टिपावं लागतं. नाडीवर लक्ष ठेवायचं. दोनशे वीसमधून वय वजा करून जो आकडा येतो, त्याच्या ८५ टक्क्यांवर नाडी गेली की चाचणी थांबवायची, समोरचा कितीही "होतंय" म्हणाला तरी.

मला वाटतं, सहा आठवड्यांत शिकण्यासारखं सगळ्यांत मोठं हेच होतं आणि ते पहिल्याच दिवशी हाती आलं. बाकीचे पाच आठवडे ते मुरवण्यात गेले.

तक्त्यांचा एक दिवस झाला. अमेरिकी श्रम खात्याच्या जुन्या कोशातून आलेली कामाची वर्गवारी आहे. बैठं, हलकं, मध्यम, जड, अतिजड. अधूनमधून नऊ किलोपर्यंत उचलावं लागलं तर हलकं, तेवीसपर्यंत मध्यम, पंचेचाळीसपर्यंत जड. 'अधूनमधून' याचाही पक्का अर्थ आहे, पाळीच्या एक तृतीयांश वेळेपर्यंत. त्याच्या वर दोन तृतीयांशापर्यंत 'वारंवार', आणि त्याच्याही पुढे 'सतत'. सिमेंटची गोणी आपल्याकडे पन्नास किलोची असते, त्यामुळे या हिशेबाने इथल्या मांडवीतला प्रत्येक हमाल अतिजड कामावर आहे. एकाने विचारलं, मग हा तक्ता आपल्या काय कामाचा? मला तो कामाचा वाटला. वजन आणि वेळ या दोन गोष्टी एका वाक्यात लिहायला तो भाग पाडतो. माझ्या चिठ्ठीत यातली एकही नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने एका खऱ्या कामाची मोजणी करून आणायची होती. कोणतंही काम चालेल. मी त्याच गोदामात गेले.

सुपरवायझर नवा होता, त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. मी टेप, ताणकाटा आणि वही घेऊन सकाळी नऊपासून एका कोपऱ्यात उभी राहिले. गोण्या पस्तीस किलोच्या निघाल्या. थराची सर्वांत खालची गोणी जमिनीपासून जेमतेम पंधरा सेंटिमीटरवर. मध्ये लाकडी पॅलेटची, म्हणजे गोण्या रचायच्या चौकटीची, कड येत असल्यामुळे माणसाला अंगापासून पन्नास सेंटिमीटर लांबूनच ती धरावी लागत होती. धरायला कान नाहीत. उचलून कमरेत पंचेचाळीस अंश वळून एक मीटर वर टेम्पोत टाकायची. मिनिटाला एक, दिवसभर.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. अमेरिकेतल्या नायोश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचं उचलण्याचं एक सूत्र आहे, १९८१ चं, १९९१ मध्ये सुधारलेलं. सगळं अगदी सोयीचं असेल तर तेवीस किलो, इथून सुरुवात. मग एकेका अडचणीने तो आकडा खाली येतो. वजन अंगापासून पन्नास सेंटिमीटर लांब आहे म्हणून तो लगेच अर्धा, साडेअकरा. फार खालून उचलायचं म्हणून साडेनऊच्या आत. उंच न्यायचं म्हणून आठ. वळायचं म्हणून सात. पकड नाही म्हणून सव्वासहा. दिवसभर मिनिटाला एक म्हणून पाचाच्याही खाली, ४.७ किलो. आणि मामा पस्तीस उचलत होते. सातपटीहून जास्त.

मुलगी अभ्यास करत समोर बसली होती. तिने विचारलं, "आई, काय झालं?" मी तिला सगळा गुणाकार दाखवला. तिने तो पुन्हा करून बघितला आणि म्हणाली, "बरोबर आहे."

मामांची कंबर त्या कामाला पुरी पडेल की नाही हे विचारायच्या आधी ते काम कोणाच्याही कंबरेला परवडणारं आहे का, हे विचारायला हवं होतं. पॅलेट फूटभर उंच टेबलावर ठेवलं असतं आणि कडेला सरकवलं असतं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता. हे मी सुपरवायझरला फोन करून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

चौथा आठवडा हातांचा होता. जामार डायनॅमोमीटर, म्हणजे मुठीच्या पकडीचा जोर मोजायचं यंत्र, बहुतेक फिजिओंनी पाहिलेला असतो, पण आम्ही तो एकाच खाचेवर वापरतो. त्याला पाच खाचा आहेत. पाचही खाचांवर जोर लावून आकडे मांडले तर निरोगी हाताचा आलेख टेकडीसारखा येतो, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खाचेवर माथा. आलेख सपाट आला की पुष्कळ ठिकाणी सरळ लिहून टाकतात, 'रुग्ण पूर्ण जोर लावत नाही'. थोडक्यात, सोंग करतो.

इथे मॅडमचा आवाज प्रथमच चढला. दुखऱ्या हाताचा आलेख सपाट येतो. घाबरलेल्या माणसाचा येतो. बोटं कापली गेलेल्याचा तर येणारच. कंबरेच्या बाबतीत गॉर्डन वॉडेल या सर्जनने १९८० मध्ये काही खुणा सांगितल्या होत्या, शरीररचनेत न बसणाऱ्या दुखण्याच्या. लोकांनी त्या खोटं पकडायला वापरायला सुरुवात केली, आणि शेवटी १९९८ मध्ये वॉडेल यांनाच सहकाऱ्यासोबत लिहावं लागलं की त्या खुणा त्यासाठी नाहीत. "तुम्ही आकड्यांत सातत्य नव्हतं असं लिहा," मॅडम म्हणाल्या. "तीनदा मोजलं, तीन आकडे हे आले, असं लिहा. त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला दिसलेलं नाही. त्याची पोळी त्या वाक्यावर आहे."

मी आजवर तोंडी कितीदा म्हटलं असेल, "काही नाही हो, नाटक करतोय." लिहिलं नसेल, पण म्हटलं आहे.

शेवटच्या दोन आठवड्यांत प्रत्येकाने एक पूर्ण मूल्यमापन करायचं होतं. माझ्याकडे आले ते मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातले, पत्रा कापणाऱ्या प्रेसचे ऑपरेटर. मूळचे खानदेशातले, वय एकेचाळीस. उजव्या हाताची तर्जनी दोन पेरं आणि मधलं बोट एक पेर, प्रेसमध्ये गेलेलं. पाच महिने झाले होते, जखमा भरल्या होत्या. मी त्यांना भाऊ म्हणत होते, ते मला ताई.

टक्केवारी त्यांची आधीच ठरली होती. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक पेराचा आकडा छापलेला होता. तर्जनीची दोन पेरं ११ टक्के, मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के. मिळून १८. तोच तक्ता कारकुनालाही लागायचा आणि प्रेस चालवणाऱ्यालाही. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा खटला आला होता, डावा हात कोपराच्या वर गेलेला. तक्त्याप्रमाणे शंभरपेक्षा कमीच भरलं असतं. न्यायालयाने मान्य केलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली. मॅडमनी हा निवाडा आम्हाला दोनदा वाचायला लावला. पेर मोजणं आणि काम मोजणं यातलं अंतर त्यात स्पष्ट दिसतं.

मी भाऊंच्या कारखान्यात एक पूर्ण सकाळ काढली. पत्र्याची तेलकट पट्टी उजव्या हाताने सरकवायची, पायाने पॅडल दाबायचं, वॉशर पडतात. हात दोन्ही मोकळे राहतात आणि म्हणूनच डायखाली, म्हणजे कापणाऱ्या साच्याखाली, जातात. तासाला तीनशेच्या वर ठोके मी स्वतः मोजले. भरलेली पेटी अठरा किलोची, सहा मीटरवर नेऊन ठेवायची.

मूल्यमापनाला साडेचार तास लागले. सगळं सांगत बसत नाही. डाव्या हाताची पकड अडतीस किलो, उजव्याची एकवीस, उजव्याचा आलेख जवळजवळ सपाट. मी आकडे लिहिले आणि शेजारी लिहिलं, 'तर्जनी व मधलं बोट दांड्याला पूर्ण वेढा घालत नाहीत'. पेटी जमिनीवरून कमरेपर्यंत सोळा किलोच्या पुढे उचलता येईना. कंबर, गुडघे, नाडी सगळं ठीक होतं. पेटीची गुळगुळीत कड बोटांतून निसटत होती. मग मी तीच पेटी दोन्ही बाजूंना दोरीचे कान बांधून दिली. वीस किलो गेली. भाऊ हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच.

मग मी त्यांना कारखान्यात प्रेसजवळ घेऊन गेले. प्रेस दुसराच माणूस चालवत होता, आम्ही चार हात लांब उभे होतो. प्रत्येक ठोक्याला भाऊंचे डोळे मिटत होते आणि उजवा हात आपोआप पोटाशी येत होता. प्रत्येक ठोक्याला, दहा मिनिटं. मी विचारलं, इथे परत बसाल? ते म्हणाले, "मी करसू ना ताई." घरी दोन मुलं आहेत आणि त्यांना माहीत होतं की मी जे लिहीन ते ऑफिसात जाणार आहे.

फॉर्ममध्ये यासाठी चौकट नव्हती. जामारचा आकडा आहे, वजनाचा आहे, चालण्याचा आहे. मिटणाऱ्या डोळ्यांचा नाही. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाहिलंस ना? मग जसं पाहिलंस तसं लिही. वेळ घाल, किती वेळा ते घाल. 'घाबरतो' असं लिहू नकोस." मी तसंच लिहिलं. पुढे शिफारशी लिहिल्या. आधी तपासणीच्या टेबलावर काम, पेट्यांना कान, आणि पायाच्या पॅडलऐवजी दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं, म्हणजे ठोका पडताना कोणाचाच हात आत राहणार नाही. वीस किलोपर्यंत वजन, कानांच्या पेटीत, 'वारंवार'.

दुसऱ्या दिवशी फोन करायचा असतो. चाचणीच्या दिवशी सगळेच तग धरतात. चोवीस तासांनी शरीर काय म्हणतं, तेही मोजमापच आहे. मी सकाळी साडेनऊला फोन केला. भाऊ म्हणाले, "एकदम चांगलं आहे ताई, काही त्रास नाही." मागून वहिनींचा आवाज आला आणि त्यांनी फोन घेतला. "खोटं बोलताहेत. रात्री भाकरीचा तुकडा मोडता येईना. हात बघा येऊन, कसा टरारलाय."

मी गेले. बोटांच्या मुळाशी आणि तळव्यात सूज होती, टेपने मोजली, डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटर जास्त. भाऊ खाली बघत होते. मी त्यांना म्हटलं, हे लिहिलं तर काम जाणार नाही, उलट जे देतील ते निभेल असं मिळेल. मला स्वतःला त्याची खात्री होती का? पूर्ण नव्हती. घरी येऊन रिपोर्टमध्ये 'वारंवार'च्या जागी 'अधूनमधून' केलं आणि वीसचे बारा किलो. शेजारी सूज, तारीख, वेळ.

रिपोर्ट नऊ पानांचा झाला. ऑफिसातल्या साहेबांनी पहिलं पान उलटून विचारलं, "बेन, एका शब्दात सांगा ना, फिट की अनफिट?" मी त्यांना सातवं पान उघडून दिलं आणि समोर बसून राहिले. वीस मिनिटं लागली, पण त्यांनी ते पान वाचलं.

भाऊ आता तपासणीच्या टेबलावर आहेत, पगार तोच. पेट्यांना पत्र्याचे कान बसले, सगळ्यांच्याच. पॅडल मात्र अजून तसंच आहे. बटणांचा खर्च बघतोय असं ते म्हणतात. पुढच्या महिन्यात त्याच कारखान्यातल्या आणखी एकाची मोजणी करायला मला बोलावलंय, खांद्याचं दुखणं आहे. मी जाताना बटणांचं कोटेशन बरोबर घेऊन जाणार आहे.